वाटचाल नव्हे, पाय

"सर, पण तुम्हाला पगार किती मिळतो?"

हा प्रश्न माझा नव्हता. नेत्रा आणि मुकुलने मिळून तो माझ्या गळ्यात मारला होता. दहावीच्या मुलांसाठी शाळेने करिअर मार्गदर्शन ठेवलं होतं आणि एका न्यूज चॅनेलचे सर पाऊण तास बोलत होते. पत्रकारिता हे व्रत आहे. पत्रकारिता हा ध्यास आहे. नेत्रा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "व्रतात निदान साबुदाण्याची खिचडी तरी मिळते. विचार ना यांना, पगार किती."

"ही कसली विचारतेय," मुकुल म्हणाला. "विचारलंस तर आठवडाभर माझा डबा तुझा."

मुकुलची आई डब्यात जे देते ते बघता हे आव्हान सोडणं शक्यच नव्हतं. शिवाय मी आता पूर्वीची अक्षता राहिले नव्हते. सहावीत असताना बाईंना "पाणी प्यायला जाऊ का" विचारायची हिंमत होत नाही म्हणून मी तहानलेली बसायचे. पण यंदा परिपाठाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं आणि चार दिवसांत कळलं की माइक चावत नाही. तेव्हापासून माझा हात आपोआपच वर जातो.

तर मी विचारलं. सर छान हसले.

"बेटा, पैशाच्या मागे धावू नकोस. पैसाच तुझ्या मागे धावेल."

टाळ्या! आता मी खाली बसायला हवं होतं. बसले नाही.

"सर, माझी ताई पत्रकारितेची डिग्री घेऊन दोन वर्षं धावतेय. पैसा मागे येताना अजून दिसला नाही."

हॉल फुटला हसून. आणि मला काय झालं कोणास ठाऊक, मी सांगतच सुटले. ताईला फर्स्ट क्लास आहे. पहिली नोकरी आठ हजारांची, रोज वीस बातम्या इकडच्या तिकडे करून लिहायच्या. ते पोर्टल पाच महिन्यांत बंद पडलं. मग एका ठिकाणी सहा महिने फुकट, कारण म्हणे अनुभव हाच मोबदला. आता ती घरी बसून बिल्डरांच्या जाहिराती लिहिते, 'निसर्गाच्या कुशीत स्वप्नांचं घर' वगैरे, आणि तो निसर्ग म्हणजे समोरचा नाला.

"अक्षता, बस खाली!" आमच्या बाईंचे डोळे एवढे मोठे झाले होते.

पण तेवढ्यात स्टेजवर शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या मॅडमनी माइक ओढून घेतला. सुती कुर्ता, पायाशी स्टीलची बाटली. आमच्या शाळेच्याच माजी विद्यार्थिनी, नाव सुलक्षणा. त्यांना सुरुवातीला पाचच मिनिटं दिली होती आणि तेव्हा आम्ही कोणीच ऐकत नव्हतो.

"मी सांगते पगार," त्या म्हणाल्या. "मी पण पत्रकारिताच शिकले. पेपरमध्ये चार वर्षं काढली, घरभाडं भरता येईना म्हणून सोडलं. आता अंधेरीला माझं छोटं ऑफिस आहे. लोक माहितीपट करतात, संग्रहालयासाठी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करतात. ते सगळं बोलणं ऐकून आम्ही शब्दन् शब्द लिहून काढतो, मग भाषांतर करतो. नव्या मुलीला मी पहिल्या वर्षी अठ्ठावीस हजार देते. आणि खरं सांगू का, मला माणसं मिळत नाहीयेत. ताईला म्हणावं, मला मेल कर."

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी स्वतः येऊन मला कार्ड दिलं. मी शाळेतून दिंडोशीच्या आमच्या बिल्डिंगपर्यंत जवळजवळ पळतच आले.

हे सगळं मी आता मजेत लिहितेय, कारण आता सगळं नीट झालंय. तेव्हा मात्र वाट लागली होती. घरी कार्ड दाखवलं तर प्रांजलताईने आधी विचारलं, "तिला माझ्याबद्दल कसं कळलं?" मी सांगितलं. खोटं बोलता येत नाही मला, चेहऱ्यावर लगेच दिसतं.

"म्हणजे तू तीनशे पोरांसमोर माझी लाज काढलीस?"

"लाज नाही गं, माहिती दिली."

"गप्प बस! मला काही मेल करायचा नाहीये. मी बाबांना हो म्हटलंय."

हे 'हो' म्हणजे आमच्या घरात आठ दिवस चाललेलं प्रकरण होतं. बाबांचे मित्र धोंडूकाका भिवंडीला एका गोदामात मॅनेजर आहेत. तिथे बिलं फाडायला मुलगी हवी होती, एक तारखेपासून. बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, मुंबईभर कोणाची लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली की बाबांचा फोन वाजतो. ते काही वाईट मनाने सांगत नव्हते. एवढंच म्हणाले होते, "प्रांजल, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधी अडाकली काय माणूस वरचो नाय आणि खालचो नाय. खंय तरी एका मजल्यार उतर." दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आईला म्हणाली, "सांग बाबांना, जाते मी भिवंडीला." आणि कपाटावरची तिची सगळी वह्यापुस्तकं तिने रद्दीच्या गठ्ठ्यात बांधली. तेव्हापासून आई पोळ्या लाटताना गाणं म्हणत नव्हती. माझी आई, प्रेमा, पोळ्या लाटताना गात नाही म्हणजे काय, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना कळतं.

एक तारखेला बारा दिवस उरले होते.

ताईने मेल केला. मला न सांगता केला, पण केला. शनिवारी सकाळी उलट मेल आला. सोबत नऊ मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. एक म्हातारा गिरणी कामगार मालवणीत बोलतोय. जे ऐकू येतं ते लिहून काढा, तीन तासांत पाठवा.

ताई कानात इयरफोन घालून खोलीत बसली आणि दीड तासात बाहेर आली. "इतकं सोपं! अगं, आपलीच तर भाषा. बाकीच्या मुलींना ओ की ठो कळलं नसणार." आईने तिच्यासाठी घावणे केले. मला वाटलं, झालं. मी नेत्राला मेसेज करूनसुद्धा टाकला.

सोमवारी संध्याकाळी उत्तर आलं. नाही.

ताईने फोन टेबलावर उलटा ठेवला आणि बाल्कनीत कपडे काढायला गेली. कपडे वाळले पण नव्हते. मी फोन उचलला. सुलक्षणा मॅडमनी एकाच वाक्यात लिहिलं होतं, 'भाषा उत्तम आहे, पण यात तो म्हातारा कुठे आहे?' खाली ताईचा कागद परत जोडला होता आणि त्यावर जिकडे तिकडे लाल गोल.

मला काही झेपेना. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आमच्या बाईंनी तर तो कागद नोटीस बोर्डावर लावला असता. बाबा नुकतेच कामावरून येऊन पाय धुऊन बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि परिपाठाच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'गिरणीचा भोंगा बंद झाला, तरीही माझी वाटचाल सुरूच राहिली. त्या काळात कामगारांमध्ये परस्पर सहकार्याची भावना होती.'"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "ह्यो खंयचो माणूस? पुण्याचो?"

"नाही, मालवणी आहे. गिरणी कामगार."

"कायतरीच सांगतंस! गिरणीतलो मालवणी 'परस्पर सहकार्य' म्हणतलो? मेल्याक कोणी भाषण लिवून दिलान काय?"

मला हसू आवरेना. आई पण आतून हसली. आणि बाल्कनीच्या दारात ताई उभी होती, हातात बाबांचा ओला बनियन.

"हसा," ती म्हणाली. "हसा सगळे. तुम्ही पण हसा."

"अगं, तुला नाही हसत..."

"मलाच हसताय! फर्स्ट इयरला दुसऱ्याच आठवड्यात मी वर्गात उभी राहून बोलत होते आणि तोंडातून 'मला वाटतं'ऐवजी 'माका वाटता' असं निघून गेलं. एकदाच, बाबा. तीन वर्षं मुलं मला माका म्हणायची. 'ए माका, नोट्स दे. माका, कॅन्टीनला येतेस?' फेअरवेलच्या ग्रुप फोटोखाली पण माका लिहिलंय. मग शिकले मी. बातमीत कसं लिहायचं, तोंड कसं उघडायचं, सगळं शिकले. आणि आता ही बाई म्हणते म्हातारा कुठे आहे!"

ताई घरात मालवणी बोलायची बंद कधी झाली हे मला आठवायला लागलं. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. आधी ती आणि बाबा मालवणीतच भांडायचे, मग एकदम ती "बाबा, आपण नीट बोलूया का" म्हणायला लागली. मला वाटलं, मोठं झाल्यावर असंच असतं. म्हणून मीही कधी मालवणीत तोंड उघडलं नाही. सगळं समजतं, पण बोलते शाळेसारखं.

बाबांना पण बहुतेक तेच आठवत असावं. ते म्हणाले, "माका वाटलेला, तुका आमचीच लाज वाटता."

"तुमची नाही हो, बाबा."

"ता आयकव माका," बाबा म्हणाले. "त्या म्हाताऱ्याचा."

ताईने इयरफोन काढून फोन मोठ्या आवाजात लावला. आधी खोकला, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग तो म्हातारा: "मेल्या, गिरणीचो भोंगो बंद झालो, पण माजे पाय थांबाक नाय. रोज सकाळी उठान गेटार जाय. गेट बंद. परत येय. बायल म्हणा, खंय जातास? मी म्हणय, पाय जातत, मी नाय."

माझे आजोबाही गिरणीतच होते, मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा बाबाच माझ्याएवढे होते. बाबांनी पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल. एवढंच म्हणाले, "आमचो बापूस असोच जाय." आणि थोड्या वेळाने, "प्रांजल, हेका पाय म्हणतत गो. वाटचाल नाय."

ताई खाली बसली, फरशीवरच. कागदावरचे लाल गोल बघायला लागली. पहिला गोल 'मेल्या'च्या जागी होता. तिने तो शब्दच गाळला होता, कारण कॉलेजात शिकवलं होतं, अपशब्द टाळा.

"हा अपशब्द नाहीये," ती पुटपुटली. "हा माणूस समोरच्याला जवळचा मानतोय."

"मग?" मी म्हटलं. "परत लिही ना."

"परत लिहून काय? परीक्षा एकदाच असते."

ती फरशीवर, बाबा खुर्चीत, आई दारात आणि सगळे त्या 'नाही'कडे बघत बसलेले. मी कार्ड घेतलं, जिन्यात गेले आणि नंबर फिरवला. सूत्रसंचालन वेगळं आणि हे वेगळं.

"मॅडम, मी अक्षता. मला एक प्रश्न विचारायचाय."

"पगारवाली का तू?"

"हो. मॅडम, ताईला त्यातला शब्दन् शब्द कळतो. तिने मुद्दाम पुसलं. म्हणजे मुद्दाम नाही, कॉलेजमध्ये तिला..." आणि मी थांबले, कारण 'माका'ची गोष्ट सांगायचा हक्क माझा नव्हता. एकदा शाळेत चव्हाट्यावर मांडून झालं होतं. "ती परत लिहून पाठवेल का, एवढंच विचारायचंय."

"ती पाठवेल की तू पाठवशील?"

"तीच. मला मालवणी लिहिता येत नाही."

"उद्या दहापर्यंत. वाचेन. नोकरी देईन असं म्हणत नाहीये, वाचेन म्हणतेय. आणि अक्षता, पुढच्या वेळी तिलाच फोन करू दे."

घरात जाऊन सांगितलं. मला वाटलं ताई पुन्हा भडकणार. ती उठली, तोंड धुऊन आली आणि लॅपटॉप उघडला.

मग आमच्या घरात जे काही सुरू झालं ते रेकॉर्ड करून ठेवायला हवं होतं. एक इयरफोन ताईच्या कानात, दुसरा बाबांच्या. बाबा डोळे मिटून. दर अर्ध्या मिनिटाला भांडण.

"'थांबाक नाय' लिहू की 'थांबले नाय'?"

"तेणा काय म्हटल्यान ता लिव. तू कित्याक सुधारतंस?"

"बाबा, इथे तो खोकतोय."

"मग खोकलो लिव."

"खोकला कसा लिहिणार?"

"माका काय म्हायत? डिग्री तुझी."

ताई हसली. खरंखुरं, घशातून. तिने चौकटी कंस टाकून 'खोकतो' लिहिलं आणि मग स्वतःच म्हणाली, "नाही, इथे तो खोकत नाहीये. बायकोचा विषय आला की घसा साफ करतोय." तिने ते खोडून 'थांबतो, घसा खाकरतो' असं लिहिलं. बाबांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. असं बघताना मी त्यांना फक्त एकदाच पाहिलंय, अकराव्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट पहिल्या झटक्यात सुरू झाली तेव्हा.

एका शब्दाशी मात्र दोघंही अडले. म्हातारा काहीतरी 'सांच्यार' म्हणत होता. बाबांना वाटलं संध्याकाळबद्दल बोलतोय. ताईने चार वेळा मागेपुढे केलं आणि म्हणाली, "नाही बाबा, सांचा. कापड विणायचं यंत्र. 'सांच्यार उभो रवय' म्हणतोय तो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी गिरणगावात सहा जणांना भेटले होते, सगळे सांचाच म्हणायचे." तिने रद्दीचा गठ्ठा सोडला आणि त्यातून ती वही काढली. पानापानावर शाईच्या पेनाने लिहिलेलं, त्या सहा जणांचं बोलणं, जसंच्या तसं. प्रोजेक्ट द्यायच्या वेळी तिने ते सगळं शुद्ध करून दिलं होतं. वही मात्र ठेवली होती.

रात्री साडेआठला कागद गेला. मालवणी एका बाजूला, प्रमाण मराठी अर्थ दुसऱ्या बाजूला.

मंगळवार गेला. बुधवार गेला. बुधवारी धोंडूकाकांचा फोन आला, मुलगी नक्की येतेय ना, कारण त्यांना दुसरी बघावी लागेल. बाबा ताईकडे बघत राहिले. ताई म्हणाली, "सांगा, येते." बाबांनी फोनवर सांगितलं, "धोंडू, उद्या सांगतंय." पहिल्यांदाच मी बाबांना कोणाला ताटकळत ठेवताना पाहिलं.

गुरुवारी दुपारी मी शाळेतून आले तर दार उघडं, आणि आई गात होती! पोळ्यांची वेळ नव्हती, तरी गात होती. हातात लाटणं पण नव्हतं, नुसतीच ओट्याशी उभी. मी दप्तर दारातच टाकलं.

"काय झालं? आई! काय झालं?"

"अगो, ती बाई म्हणाली की म्हातारा सापडला," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "असं काय म्हणाली ते माझ्या काही डोक्यात शिरलं नाही. पण प्रांजल उडीच मारू लागली, म्हणजे चांगलंच असणार."

ताई आतून आली आणि मला इतकं घट्ट धरलं की माझा चष्मा वाकडा झाला. एक तारखेपासून, अंधेरी. दिंडोशीहून मेट्रो सरळ. तीन महिने बघतील, मग कायम. पगार स्टेजवर सांगितला तोच. शिवाय कोकणातून गोळा केलेली चाळीस तासांची रेकॉर्डिंगं पडून होती आणि सुलक्षणा मॅडमना ती कोणाला द्यायची हाच प्रश्न पडला होता.

"आणि हो," ताई म्हणाली, "मॅडमनी विचारलं, तुला ऑफिसात काय हाक मारायची. मी म्हटलं, प्रांजल. माका म्हणाल तर कामच सोडेन." मग स्वतःच खदाखदा हसली. मी दोन वर्षांत हे हसणं ऐकलं नव्हतं. आमच्या सगळ्या घरालाच जणू कोणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून खाली ठेवायला सांगितलं होतं.

बाबांनी संध्याकाळी धोंडूकाकांना फोन केला. दहा मिनिटं नुसती मालवणी, त्यातली निम्मी वाक्यं मी इथे लिहू शकत नाही. शेवटी धोंडूकाकाच म्हणाले, स्पीकरवर, "मेल्या जयवंता, चेडवाक बरी नोकरी लागली हां सांग मरे, माफी कसली मागतंस!"

रात्री जेवायला सगळे एकत्र बसलो. सुरमई होती, म्हणजे सण होता. बाबांचा मूड एकदम झकास. आणि अशा मूडमध्ये त्यांचं लक्ष माझ्याकडे वळतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

"आता ह्येचा बघूया. अक्षता, तुजी अकरावी. सायन्स?"

"कॉमर्स म्हणत होते मी. ते नक्की आहे, बाबा."

"बरा. आणि ता काय ता, भाषेचा? क्लासवाले सर काय म्हणाले?"

क्लासचे सर आम्हाला सांगतात की अकरावीला इंग्रजी सोडून दुसरी भाषा घ्यायची नसेल तर तिच्या जागी आयटी घेता येतं. सगळे घेतात. मार्क बदाबदा पडतात, निबंध नाहीत, व्याकरण नाही. आमच्या वर्गात पंचेचाळीस जणांपैकी कदाचित चार जण मराठी ठेवतील. मी पण आयटीच धरून बसले होते, अगदी सोमवारपर्यंत. आईला तर नव्वदच्या पुढचे आकडे आत्तापासूनच दिसत होते.

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिने काही सांगितलं नाही, खूणही केली नाही. ती सुरमईचे काटे काढत होती.

मी पाणी प्यायले. पाठ सरळ केली.

"आई, बाबा, दोघंही ऐका. मी आयटी घेणार नाहीये. मी मराठी ठेवतेय. मार्क कमी पडले तर पडतील, त्याबद्दल बारावीत ओरडा, आत्ता नको. पण हे ठरलंय माझं."